अल्प साधने, दूरचा पल्ला

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त हौशी रेडिओ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि त्यापाठोपाठ भ्रमणध्वनीही मुके झाले. मुंबई-पुण्यातील कित्येक चाकरमान्यांना गावाकडच्या आई-वडिलांची खुशाली कळण्यास काही दिवस लागले. मनोरा उभा आहे आणि वीज आहे तोवरच आपले दळणवळण, हे कटू सत्य त्या दिवसांत कोकणाने अनुभवले.

अशा वेळी एक माणूस, एक बॅटरी आणि तारेचा एक तुकडा एवढ्या बळावर हजारो किलोमीटर दूर संदेश पोहोचवण्याची विद्या शंभर वर्षांपासून जगात आहे. तिचे नाव हौशी रेडिओ, अर्थात ‘हॅम’. शासनाची परीक्षा देऊन, रीतसर परवाना मिळवून, कोणत्याही आर्थिक लाभाविना ती आचरली जाते. व्यापार आणि राजकीय प्रचार यांना तेथे मज्जाव आहे. मात्र या छंदासाठी गच्चीवर प्रचंड मनोरा आणि परदेशी बनावटीचे महागडे यंत्र हवेच, अशी एक समजूत रूढ आहे. तिच्यामुळे अनेक तरुण दारातूनच परत फिरतात. म्हणून ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या विद्येचा इतिहासच तिच्या विरुद्ध साक्ष देतो. १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरींपुरते बंदिस्त केले. त्या काळच्या तज्ज्ञांच्या लेखी या लघुलहरी दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी होत्या. टाकाऊ ठरवलेल्या त्या जागेतच हौशींनी सोने शोधले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेचे फ्रेड श्नेल आणि फ्रान्सचे लिऑन डेलॉय यांनी सुमारे १०० मीटरच्या लहरींवर अटलांटिकच्या आरपार दुहेरी संभाषण साधले. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधील एका मेंढपाळ कुटुंबातील फ्रँक बेल यांच्याशी संपर्क केला. पृथ्वीच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाशी झालेला हा संवाद एका शाळेतून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हेच गॉयडर पुढे १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’चे मुख्य अभियंता म्हणून भारतात आले आणि आपल्या आकाशवाणीच्या लघुलहरी केंद्रांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला.

थोड्या शक्तीची लहर इतकी दूर जाते कशी? भूपृष्ठापासून सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेले थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. लघुलहरी या छताला लागून खाली वळतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात आणि अशा उड्या घेत पुढे सरकतात. वरच्या थरावरून होणारी एक उडी तीन ते चार हजार किलोमीटरपर्यंत पल्ला गाठू शकते. मुंबईहून लंडनचे सात हजार किलोमीटर म्हणजे दोन-तीन उड्यांचा प्रवास. या अभ्यासात भारतीयांचे योगदान मानाचे आहे. कलकत्त्याचे प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी १९३०च्या सुमारास आयनांबरातील खालच्या थराचे प्रायोगिक पुरावे मिळवले आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा उच्च वातावरणावरील ग्रंथ जगभरच्या अभ्यासकांनी प्रमाण मानला. परकीय सत्तेखाली, तुटपुंज्या साधनांनिशी झालेले हे काम आहे.

आता शक्तीचे गणित पाहू. हौशींमध्ये सर्वसामान्य यंत्र १०० वॅटचे असते, तर अल्पशक्तीचे उपासक मोर्स संकेतांसाठी ५ वॅटची मर्यादा पाळतात. शक्ती विसाव्या हिश्शावर आली, म्हणजे पल्लाही विसाव्या हिश्शावर आला असे वाटते. पण तसे होत नाही. ग्राही यंत्रावर संकेताचा जोर ज्या खुणांनी मोजतात, त्यांतील एक खूण उतरण्यासाठी शक्ती चौथ्या हिश्शावर यावी लागते. १०० वॅटचे २५ झाले की एक खूण, २५चे सव्वासहा झाले की दुसरी. म्हणजे ५ वॅटचा संकेत १०० वॅटच्या मानाने जेमतेम दोन खुणांनी क्षीण असतो. जो आठव्या खुणेवर ऐकू आला असता, तो सहाव्याच्या किंचित खाली येतो. तेवढा संकेत सरावलेल्या कानाला सहज पुरतो. शिवाय टिंब आणि रेघ यांचा मोर्स संकेत आवाजाच्या तुलनेत फारच चिंचोळी जागा व्यापतो, त्यामुळे गोंगाटातूनही तो वेगळा काढता येतो.

गमावलेल्या दोन खुणा भरून काढण्याचे काम अँटेना करते. १४ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या लहरीची अँटेना म्हणजे सुमारे दहा मीटर तांब्याची तार, मधोमध कापून दोन्ही भागांना केबल जोडलेली. ती दहा मीटर उंचीवर ताणली, की लहरी क्षितिजालगत निघतात आणि दूरच्या पल्ल्यास तेच हवे असते. तिमजली इमारतीची गच्ची, शेजारचा माड किंवा मजबूत बांबू एवढ्यावर हे साधते. तार आपल्या लांबीला काटकोनात अधिक जोर देते. म्हणून महाराष्ट्रात ती नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे बांधली, तर एका बाजूस युरोप आणि दुसऱ्या बाजूस इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाचा पट्टा साधतो. यंत्रावर खर्च करण्याआधी तार पाच मीटर उंच नेणारा हौशी अधिक शहाणा.

तिसरी गोष्ट म्हणजे काळवेळेचे भान. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर देशातील केंद्रे ऐकू येतात, रात्री त्याच पट्ट्यात दूरचे देश उमटतात. सायंकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोपची दारे उघडतात. पहाट आणि तिन्हीसांजा, जेव्हा प्रकाश-अंधाराची सीमारेषा आपल्यावरून जाते, तेव्हा काही मिनिटे त्या रेषेवरील दूरदूरची ठिकाणे विलक्षण स्पष्ट येतात. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्रही लक्षात घ्यावे लागते. डाग वाढले की २८ मेगाहर्ट्झवर ५ वॅटही समुद्र ओलांडतात. अल्पशक्तीचा उपासक सतत साद घालत बसत नाही. तो आधी ऐकतो, दुसऱ्याची लय ओळखतो आणि गर्दी ओसरली की नेमक्या क्षणी आपला संकेत देतो. येथे आरडाओरडा निरुपयोगी, संयम हेच भांडवल. २०१७पासून ‘एफटी८’ या संगणकीय पद्धतीने कानाला न जाणवणारे संकेतही वाचता येऊ लागले. तिच्या निर्मात्यांपैकी जो टेलर हे १९९३चे भौतिकीचे नोबेल मानकरी. पण संगणक बंद पडला तरी चालणारी विद्या कान आणि बोटांचीच, हे विसरता कामा नये.

यंत्राच्या बाबतीतही देशाने उत्तर दिले आहे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी २००३ साली ‘बिटएक्स-२०’ या यंत्राचा आराखडा सिद्ध केला. बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर, विशेष गाभ्याऐवजी नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली वेटोळी, आणि प्रेषण व ग्रहण या दोन्ही कामांसाठी वापरलेले तेच टप्पे, ही त्याची वैशिष्ट्ये. शक्ती सुमारे ६ वॅट. त्यांनी आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आणि जगभरच्या हौशींनी तो बांधून पाहिला. स्वदेशी म्हणजे दारे लावून बसणे नव्हे; हाताशी असलेल्या वस्तूंतून जगाने घ्यावे असे काही घडवणे होय.

या छंदाचा खरा कस मात्र संकटात लागतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांनी अंदमानात हौशी केंद्र उभारले. अनेक वर्षांनंतर तेथून संकेत निघत होते, म्हणून जगभरचे हौशी त्यांच्याशी संपर्कासाठी धडपडत होते. २६ डिसेंबरला सुनामी आली. छंदासाठी उभारलेले तेच केंद्र त्या घटकेपासून सेवाकेंद्र झाले. आप्तांची वार्ता विचारणारे संदेश तेथून मुख्य भूमीकडे जाऊ-येऊ लागले. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपातही हौशी मंडळी अशीच धावून गेली होती. ही तयारी आपत्ती आल्यावर करता येत नाही. रोज संध्याकाळी दूरच्या देशाचा क्षीण संकेत टिपण्याची ज्याला सवय आहे, त्यालाच वादळाच्या रात्री शेजारच्या जिल्ह्याचा संदेश टिपता येतो.

म्हणून प्रत्येक तालुक्यात निदान एक शाळा, एक महाविद्यालय वा एक वसतिगृह असे असावे, जेथे पाच-सात विद्यार्थी परीक्षेची तयारी करतात, स्वतःच्या हाताने तार बांधतात आणि बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र सज्ज ठेवतात. भूगोल, भौतिकी आणि इंग्रजी संभाषण यांचा अभ्यास त्यातून आपोआप होईल. आपत्तीत सेना आणि प्रशासन आपले काम करतीलच; त्या सेतुबंधनात समाजानेही आपला खारीचा वाटा उचलावा. त्यासाठी पाच वॅट पुरेसे आहेत. कोकणातील पुढचे वादळ येण्याआधी ही केंद्रे उभी राहावीत, एवढीच अपेक्षा.