‘क्रीम’ : तिघांच्या एका वाद्यमेळाची कहाणी



एखाद्या गवय्याची चौकशी करतांना आपल्याकडे पहिला प्रश्न घराण्याचा असतो. गुरु कोण, तालीम किती वर्षें, कोणाकोणाचें गाणें कानावरून गेलें, हें कळल्यावांचून जाणकार श्रोता त्याच्या गाण्याविषयीं बोलावयास धजत नाहीं. विलायतेंतील रॉक संगीताला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विजेवर चालणाऱ्या गिटारी, कर्कश ध्वनिवर्धक, वाढविलेले केंस आणि बेभान झालेले तरुण, एवढेंच त्याचें चित्र आपल्या सुशिक्षित घरांतून रंगविलें जातें. मुलांच्या खोलीचें दार ओढून घेण्यापलीकडे वडील माणसें त्याची दखल घेत नाहींत. परंतु हाच घराण्याचा प्रश्न १९६६ सालीं लंडनमध्यें निघालेल्या ‘क्रीम’ नांवाच्या एका वाद्यमेळाला विचारून पाहिला, तर उत्तर मोठें मनोरंजक मिळतें.

मेळ तो केवढा! माणसें अवघीं तीन. एरिक क्लॅप्टन गिटार वाजवी. जॅक ब्रूस खर्जाची, म्हणजे बास गिटार वाजवी आणि बहुतेक गाणीं तोच गाई. जिंजर बेकर ड्रम्सवर बसे. क्रीम म्हणजे साय. त्या वेळच्या इंग्लंडमधील वादकांत आपण सायीसारखे वर आलेले आहों, असा या नांवांत उघड गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. मेळ टिकला मात्र उणींपुरीं अडीच वर्षें.

तिघांत वयानें वडील बेकर. त्याचा जन्म १९३९ सालचा, लंडनच्या दक्षिण भागांतील लुइशॅमचा. बाप गवंडी होता; तो १९४३ सालीं महायुद्धांत कामास आला, तेव्हां मुलगा चार वर्षांचा होता. मोठेपणीं या मुलाला नाद लागला तो सायकलच्या शर्यतींचा, आणि एका अपघातांत सायकल मोडली नसती तर तो संगीताकडे वळला असता कीं नाहीं याची शंकाच आहे. वर्गांत बसल्या बसल्या बाकावर ठेका धरण्याची खोड मात्र त्याला पूर्वींपासून होती. अशीं मुलें प्रत्येक वर्गांत एकदोन असतातच, आणि त्यांच्या वांट्याला छडीहि येतेच. सोबत्यांनीं एका समारंभांत याला आग्रहानें ड्रम्सवर बसविलें, आणि आपल्याला हें येतें असें त्याला एकाएकीं उमगलें.

पुढें तो जाझच्या मेळांतून वाजवूं लागला. तेथें फिल सीमन या नामांकित ड्रमवादकाची नजर त्याच्यावर गेली. सीमननें त्याला आपल्या घरीं नेलें आणि आफ्रिकेंतील ढोलांच्या तबकड्या ऐकविल्या. त्या ढोलवादनांत एकाच वेळीं तीनतीन चारचार निराळे ठेके चाललेले असतात. ऐकणाऱ्यानें त्या गर्दींतून मूळचा ठोका कोठें आहे तें हुडकावयाचें. बेकरला तो सांपडला. त्या एका रात्रीचें ऋण तो जन्मभर सांगत असे. आपला हात चार वाटांनीं गेला तरी कान एका जागीं स्थिर ठेवावयाचा, ही विद्या त्याला तेथें मिळाली.

जॅक ब्रूसची वाट अगदीं निराळी. तो १९४३ सालीं स्कॉटलंडमध्यें, ग्लासगो शहराजवळ जन्मला. लहानपणीं तो चर्चमधील गायकवृंदांत गात असे. पुढें तो चेलो शिकला. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळांतलें, परंतु गुडघ्यांमध्यें धरून वाजवावयाचें मोठें, खालच्या सुरांचें वाद्य. या वाद्यावर त्यानें ग्लासगोच्या संगीत विद्यालयांत शिष्यवृत्तीहि मिळविली. घरची ओढाताण, म्हणून रात्रीं तो जाझ मंडळींत वाजवून चार पैसे मिळवी. शिक्षकांना तें रुचलें नाहीं, आणि त्यानें विद्यालय सोडलें. शिक्षकांची बाजू अगदींच टाकाऊ होती असें म्हणतां येणार नाहीं. ज्याला दोन गुरूंची शिस्त एकदम पाळावयाची असते त्याचें कोठें तरी बिघडतें, असा अनुभव आपल्याकडील उस्तादहि सांगत. परंतु या मुलाचें बिघडलें नाहीं. बाखच्या रचनांतून खर्जाची ओळ ही नुसती आधाराची नसते, तिला स्वतःची चाल असते, हें त्यानें विद्यालयांत असतांनाच कानांत साठविलें होतें. पुढें अमेरिकेंतील जेम्स जेमर्सन या बासवादकाचें काम त्यानें ऐकलें. जेमर्सनचें वादन त्या काळच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांच्या पोटांत आहे, पण तबकडीच्या वेष्टनावर त्याचें नांवहि छापीत नसत. ब्रूसनें बाख आणि जेमर्सन या दोघांनाहि सारखेंच गुरु मानलें.

एरिक क्लॅप्टनची तालीम याहूनहि चमत्कारिक, कारण त्याचा गुरु त्याच्या जन्मापूर्वींच मेलेला होता. १९४५ सालीं सरे परगण्यांतील रिप्ले या खेड्यांत क्लॅप्टन जन्मला. आजीआजोबांनीं त्याला वाढविलें, आणि तेच आपले आईबाप अशी त्याची समजूत होती. जिला तो थोरली बहीण समजत होता ती आपली जन्मदात्री आहे, हें त्याला नऊ वर्षांच्या सुमारास कळलें. मुलगा घुमा झाला. चित्रकलेच्या शाळेंत घातलें, तेथूनहि काढून टाकलें. हातांत गिटार होती. आणि अशा अवस्थेंत एका मित्रानें त्याला रॉबर्ट जॉन्सनची तबकडी दिली.

मिसिसिपी नदीच्या मुलखांत कापसाच्या मळ्यांतून राबणाऱ्या काळ्या मजुरांचें जें गाणें, त्याला ब्लूज म्हणतात. बारा खंडांचें एक आवर्तन, दोनतीन स्वरसमूह आणि व्यथा सांगतांना स्वर किंचित् खालीं ओढण्याची एक विशिष्ट रीत, एवढ्या भांडवलावर तें उभें आहे. आपल्या ओवीप्रमाणें सांचा लहान, आणि त्यांत मावणारें दुःख मोठें. रॉबर्ट जॉन्सननें १९३६ आणि १९३७ सालीं टेक्सासमधील दोन शहरांत मिळून अवघीं २९ गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि १९३८ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं तो वारला. त्याच डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील एका मोठ्या जलशासाठीं त्याला बोलवावें म्हणून शोध झाला, तेव्हां त्याच्या मृत्यूची वार्ता कळली. मग व्यवस्थापकांनीं रंगमंचावर त्याच्या तबकड्या लावल्या. १९६१ सालीं त्याचीं गाणीं मोठ्या तबकडीवर पुन्हां निघालीं, तीं इंग्लंडला पोंचलीं. क्लॅप्टनला आरंभीं तें गाणें सोसवेना. इतकें उघडें, इतकें एकट्याचें गाणें त्यानें कधीं ऐकलें नव्हतें. कांहीं दिवसांनीं तो पुन्हां त्याच तबकडीकडे वळला, आणि मग तिचाच झाला. आपलें वादन टेपवर घ्यावें, तबकडीशीं ताडून पाहावें, चूक सांपडली कीं पुन्हां आरंभ करावा, असा त्याचा अभ्यास. एकलव्याला निदान मातीची मूर्ति तरी घडवितां आली. याच्यापुढें नुसती फिरणारी काळी तबकडी होती. या निष्ठेपायीं त्यानें १९६५ सालीं एक नांवारूपाला आलेला मेळ, केवळ तो ब्लूज सोडून बाजारी गाण्यांकडे वळूं लागला म्हणून, सोडून दिला. पुढें जॉन मेयॉलच्या मेळांत त्याची कीर्ति एवढी वाढली कीं, लंडनमध्यें एका भिंतीवर त्याला देव म्हणणारीं अक्षरें कोणीं रंगविलीं.

बेकर आणि ब्रूस यांची गांठ १९६२ सालीं केंब्रिजच्या एका समारंभांत पडली. या अनोळखी पोरानें मध्येंच येऊन आम्हांबरोबर वाजवूं द्या म्हटलें, तेव्हां त्याला घालविण्यासाठीं जाझवाल्यांनीं मुद्दाम अवघड चाली काढल्या. त्या यानें बिनचूक वाजविल्या. तेव्हांपासून दोघे एकत्र आले आणि तेव्हांपासूनच त्यांचें भांडण सुरू झालें. ग्रॅहम बाँडच्या मेळांत असतांना बेकरनें ब्रूसला काढून टाकलें. कारण काय, तर याची बास फार बोलते! तरीहि ब्रूस येतच राहिला, तेव्हां प्रकरण चाकू दाखविण्यापर्यंत गेलें. पुढें १९६६ सालीं बेकरनें क्लॅप्टनला आपल्या मोटारींतून घरीं पोंचवितांना नवा मेळ काढण्याची गोष्ट काढली. क्लॅप्टन म्हणाला, ब्रूस असेल तर येतों. बिचाऱ्याला आधींच्या इतिहासाचा पत्ता नव्हता. बेकरच्या हातून मोटार आपटतां आपटतां राहिली, असें क्लॅप्टननें पुढें सांगितलें आहे. परंतु बेकरनें अट मान्य केली, हें विशेष. ज्या माणसाशीं पटत नाहीं त्याच्या हाताचें मोल त्याला ठाऊक होतें.

जुलै १९६६ अखेर विंडसरच्या महोत्सवांत हे तिघे लोकांसमोर आले. त्या काळचा शिरस्ता असा कीं, गिटारवाल्यानें पुढें यावें आणि बाकीच्यांनीं मागें ठेका धरून राहावें. येथें मागें कोणीच राहीना. बासची ओळ बाखच्या रीतीनें आपली वाट काढी; ड्रम्स दोन पायांखालच्या दोन मोठ्या ढोलांवर आफ्रिकेचा घोळ घालीत; आणि त्यांवरून क्लॅप्टनची गिटार त्या मेलेल्या गुरूचा स्वर ओढीत जाई. १९६७ च्या उन्हाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या श्रोत्यांपुढें त्यांना वेळेचें बंधन राहिलें नाहीं, तेव्हां चार मिनिटांचें गाणें पंधरापंधरा मिनिटें चालूं लागलें. पुढें काय वाजावयाचें तें कोणालाच ठाऊक नसे. ज्याचा कान तीक्ष्ण त्यानें दुसऱ्याचा विचार पकडावयाचा. ‘व्हाइट रूम’ या त्यांच्या गाण्याच्या आरंभींचा तुकडा ऐकावा. तो पांच मात्रांचा आहे, आपल्या झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढा, आणि मग एकाएकीं चाल चार मात्रांवर उतरते. ती पांचाची कल्पना आपली, असा बेकरचा दावा असे. रचनाकार म्हणून नांव, आणि नांवामागून येणारा पैसा, ब्रूस व कवि पीट ब्राउन यांच्याकडे गेला, याचें वैषम्य बेकरला शेवटपर्यंत होतें.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून एक चांगली हकीकत सांगावयास हवी. स्किप जेम्स नांवाच्या मिसिसिपीच्या गायकानें १९३१ सालीं कांहीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. मंदीचे दिवस, तबकड्या खपल्या नाहींत आणि त्यानें गाणें जवळजवळ सोडून दिलें. तेहतीस वर्षांनीं संशोधक तरुणांनीं त्याला एका इस्पितळांत शोधून काढलें. क्रीमनें आपल्या पहिल्याच तबकडींत त्याचें एक गाणें घेतलें आणि त्याचें नांव त्यावर घातलें, त्यामुळें रचनेचा मोबदला त्या वृद्धाला मिळाला. १९६९ सालीं तो वारला. त्याच्या शेवटच्या आजारपणांत तो पैसा उपयोगी पडला.

या मेळाचा घात झाला तो मात्र कानाच्याच बाजूनें. सभागृहें मोठीं होत गेलीं तसे ध्वनिवर्धकहि वाढले. ब्रूसच्या मागें कपाटाएवढे ध्वनिवर्धक, क्लॅप्टनच्या मागेंहि तेवढेच. बेकरला आपल्या ड्रम्सचा आवाज ऐकूं येईना. एकानें आवाज चढविला कीं दुसरा चढवी. एका कार्यक्रमांत क्लॅप्टननें मध्येंच वाजविणें थांबविलें, आणि बाकी दोघांच्या तें लक्षांतहि आलें नाहीं! मार्च १९६८ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोस जॉन्सनच्या एका गाण्याचें त्यांचें वादन ध्वनिमुद्रित झालें. गिटारवादनाचा तो नमुना म्हणून जगभरचे विद्यार्थी अजून गिरवतात. क्लॅप्टनला स्वतःला मात्र तें आवडत नसे. त्या जागीं आपली सम सुटली असावी, अशी शंका त्यानें पुढें एका मुलाखतींत बोलून दाखविली. आपल्या बैठकींत सम हरवली तर तबलजी डोळ्यांनीं सांवरून घेतो. तेथें तें कसें व्हावें? त्या वर्षीं त्यांची दुहेरी तबकडी अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर खपली, आणि त्याच वर्षीं, २६ नोव्हेंबरला, लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें त्यांनीं निरोपाचे दोन प्रयोग केले.

मग ज्याचा तो आपल्या वाटेला लागला. बेकर १९७१ सालीं मोटारीनें सहारा ओलांडून नायजेरियांत लागोसला गेला, फेला कुटी या थोर गायकाच्या मेळांत बसून वाजविलें, आणि तेथें ध्वनिमुद्रणगृहहि काढलें. ब्रूसनें जाझ, चेलो, बास सर्व कांहीं केलें. २००३ सालीं यकृताच्या कर्करोगांतून शस्त्रक्रियेनें वांचला. २००५ च्या मे महिन्यांत तिघे त्याच आल्बर्ट हॉलमध्यें चार रात्रीं पुन्हां एकत्र वाजले. बेकरचीं बोटें संधिवातानें धरलेलीं, ब्रूस अशक्त. तरीहि या वेळीं आवाज बेताचा होता, आणि तिघेहि एकमेकांकडे पाहून वाजवीत होते. ऑक्टोबरांत न्यूयॉर्कला गेले, तेथें ब्रूसचा आवाज फार मोठा म्हणून बेकरची जुनी तक्रार परत आली, आणि तें पर्व तेथेंच आटोपलें.

ब्रूस २०१४ सालीं वारला. त्याच्या अंत्यविधीला बेकर आणि क्लॅप्टन दोघेहि आले होते. बेकर २०१९ च्या ऑक्टोबरांत गेला. पुढच्या फेब्रुवारींत क्लॅप्टननें लंडनमध्यें त्याच्या स्मरणार्थ जलसा केला. त्या रात्रीं ड्रम्सवर बसणाऱ्यांत बेकरचा मुलगा होता. त्याचें नांव कोफी. पश्चिम आफ्रिकेंत शुक्रवारीं जन्मलेल्या मुलाला तें ठेवतात.