दूरच्या पल्ल्याची शिदोरी
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मला दोन शब्द बोलावयास सांगण्यात आले, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. संस्थेचा इतिहास माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी सांगितला आहे आणि देणगीदारांचे आभारही मानून झाले आहेत. म्हणून मी एक अगदी घरगुती विषय घेतो. आपल्या घरांतील मुलेमुली अलीकडे सायकल घेऊन लांबलांब जाऊ लागली आहेत. रविवारी पहाटे कोणी देवास गाठतो, कोणी उज्जैनला जातो, तर कोणी सिमरोलचा घाट उतरून थेट ओंकारेश्वरी पोचतो. आणि घरोघरी एकच वाद चालला आहे. मुले म्हणतात, "जातो." आपण म्हणतो, "नको."

या वादात मी बरीच वर्षे "नको" म्हणणाऱ्यांच्या पक्षात होतो. त्याला कारणही तसेच होते.

१९७४ सालच्या श्रावणात मी आणि माझा एक वर्गबंधू महेश्वरला सायकलने निघालो. अंतर सुमारे ९० किलोमीटर. घरी सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर जाऊ दिले नसते. सायकल वडिलांची, चोवीस इंची, रॉडच्या ब्रेकची. बरोबर पंप नव्हता, पाना नव्हता. खिशात दोन रुपये आणि पोटात पोहे-जिलबी, एवढीच काय ती तयारी. मानपूर सोडून घाट लागला आणि पाऊस सुरू झाला. ओल्या लोखंडी रिमवर रबर धरीना. ब्रेक दाबावा तो सायकल अधिकच पळे. एका वळणावर मी रस्ता सोडून खडीत जाऊन पडलो आणि खांद्याजवळचे गळपट्टीचे हाड मोडले. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने मला उचलले, सायकल मालावर टाकली आणि मानपूरला डॉक्टरांच्या दारात सोडले. डॉक्टर त्याचे नाव विचारावयास बाहेर आले तो गाडी निघून गेली होती. पोलिसांच्या चौकशीचे भय, दुसरे काय! त्या रात्री उशिरा मी घरी आलो, तेव्हा आई ओसरीवर कंदील घेऊन बसलेली होती. ती एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी माझी नात, वय वर्षे एकोणीस, जेव्हा म्हणाली की, "आजोबा, मला सायकलने महेश्वरला जायचंय," तेव्हा मी तत्काळ "नको" म्हटले. ती रागावली नाही. तिने शांतपणे विचारले, "आजोबा, तुम्ही पडलात ते सायकलने गेलात म्हणून, की न सांगता आणि तयारीशिवाय गेलात म्हणून?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिनेच मग मला पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या मुलीची हकीकत सांगितली. आपणांपैकी काहींनी ती वाचली असेल. जुलै २०१८ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराहून निघाली आणि डिसेंबरात कोलकात्यास तिने आपले २९,००० किलोमीटर पुरे केले. एकूण १५९ दिवस, चौदा देश, आणि त्यांतील बहुतेक वाट एकटीने. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागले. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले. रशियात बर्फात एकटीने राहुटी ठोकून रात्री काढल्या. जगाची फेरी सर्वांत थोड्या दिवसांत करणारी स्त्री, हा मान मात्र तिला मिळाला नाही. तो त्याच वर्षी ब्रिटनच्या जेनी ग्रॅहम यांनी १२४ दिवसांत मिळवला. तरीही वेदांगीने फेरी सोडली नाही.

या हकीकतीत लोक अस्वलाचीच गोष्ट सांगतात. मला त्याआधीची दोन वर्षे अधिक मोलाची वाटतात. परवाने, मार्गाची आखणी, खास बनवून घेतलेली सायकल, यांत ती दोन वर्षे गेली होती. त्या तयारीने अस्वल टळले काय? नाही टळले. चोर टळला काय? तोही नाही. तयारीने संकट टळतेच असे नाही. संकट आल्यावर माणसाच्या हातापायांना काम असते आणि डोके ठिकाणावर राहते, एवढेच तयारी करते. आणि तेवढे पुष्कळ असते.

तेव्हा मी नातीला म्हटले, "बाळ, माझा नकार मी मागे घेतो, पण तीन अटींवर."

पहिली अट अशी की, मागच्या अंगणात माझ्यासमोर पंक्चर काढून दाखवावयाचे. चाक उतरवावे, टायर उचकटावा, ट्यूब परातीतल्या पाण्यात धरून बुडबुडे शोधावेत, पॉलिश पेपरने घासून सोल्यूशन लावून ठिगळ बसवावे आणि हवा भरावी. पहिल्या दिवशी तिला सव्वा तास लागला आणि ट्यूबला एक भोक जास्तच पडले. पंधरा दिवसांनी तेच काम वीस मिनिटांत होऊ लागले.

दुसरी अट ब्रेकची. हे आमच्या हाडाचे शिक्षण! इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे आणि महेश्वरचा नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास. म्हणजे माळव्यातून निमाडात उतरताना माणूस सुमारे ४०० मीटर खाली येतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर या उताराची शक्ती एवढी भरते की तिच्या उष्णतेने लिटरभर पाणी जवळजवळ उकळावे. त्यातला काही भाग वारा खातो, उरलेला ब्रेकने सोसावयाचा. म्हणून घाटात ब्रेक सारखा दाबून धरू नये. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक वापरावेत, रिमला मधूनमधून निवू द्यावे, आणि पाऊस असेल तर सरळ उतरून सायकल हाती धरून चालावे. यात कमीपणा नाही.

तिसरी अट परतीच्या वेळेची. साडेदहापर्यंत घाटाच्या माथ्यावर पोचलीस तर खाली उतर. न पोचलीस तर तिथूनच परत फीर. मग सायकल चांगली असो, हवा चांगली असो, मन कितीही पुढे धावो. कारण घाट उतरणे सोपे आहे, पण थकल्या पायांनी तो चढून अंधाराआधी घरी येणे सोपे नाही.

तिने तिन्ही अटी मान्य केल्या आणि आपली एक अट आम्हांला घातली. "दर पंधरा मिनिटांनी फोन करायचा नाही. हायवेवर फोन घ्यायला थांबणं हाच मोठा धोका आहे. महूला पोचल्यावर मी करीन, मग मानपूरला करीन. ठरल्या वेळेनंतर तासभर वाट बघा आणि मगच धावाधाव करा." माझ्या सूनबाईंना ही अट जड गेली. पण ती न्याय्य होती, म्हणून आम्हीही ती पाळली.

आता खाण्यापिण्याचे दोन शब्द, कारण ते आम्हां वडीलधाऱ्यांचे खाते आहे. शरीरात साठवलेली साखर नेटाने पायडल मारले असता दीड-दोन तासांत संपत येते. मग पाय शिशाचे होतात आणि बुद्धीही मंद होते. चुकीचा निर्णय बहुधा अशाच वेळी होतो. म्हणून भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. केळी, गूळ-शेंगदाणे, दशमी यांना तोड नाही. उन्हात एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट प्यावे. निमाडचे ऊन माळव्याच्या थंडीत उठून निघालेल्या माणसाला फसवते.

आणि डोक्यावर हेल्मेट असावेच. पडताना त्याला एकदा जोराचा मार बसला की ते बदलावे, वरून धड दिसले तरी. डोके आपटल्यावर मळमळ झाली, विसरल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये, डॉक्टर गाठावा. "काही नाही झालं" हे वाक्य मुले फार लवकर बोलतात.

ती पौषातल्या एका रविवारी उजाडल्यावर निघाली. महूचा फोन वेळेवर आला. मानपूरचा आला नाही. घड्याळात नऊ वाजले, सव्वानऊ झाले. सूनबाई देवापुढे बसल्या. मी ओसरीवर येऊन उभा राहिलो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तो कंदील मला प्रथमच आतून दिसला. साडेनऊला फोन आला. बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले होते. तिने वीस मिनिटांत नवी ट्यूब घातली. पण टायरच्या आतून फडके फिरवून काटा काढावयाचे राहून गेले. तीन किलोमीटरवर त्याच काट्याने दुसरी ट्यूबही गेली. मग झाडाखाली बसून ठिगळ लावले, काटा काढला आणि ती मानपूरला पोचली. पुढे घाटाच्या माथ्यावर आली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

समोर धुक्यातून निमाडाची खोली दिसत होती. खाली उतार होता आणि उताराच्या शेवटी अहिल्याबाईंचे महेश्वर. ती तिथे दहा मिनिटे उभी राहिली, केळे खाल्ले आणि परत फिरली. दुपारी तीनच्या सुमारास घरी आली, तेव्हा डोळ्यांत पाणी होते. "आजोबा, झालं नाही," म्हणाली. मी तिला म्हटले, "तुझं महेश्वर मागाहून होईल. आज जे झालं ते मला तुझ्या वयात जमलं नव्हतं." पुढे माघात ती महेश्वरला जाऊन आली, पण आमच्या घरी आठवण निघते ती पौषातल्या त्या माघारीचीच.

सभ्य स्त्रीपुरुषहो, माघार हा शब्द आपण फार हलका केला आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीस निघाले. १९२८ च्या मार्चमध्ये, सुमारे ७१,००० किलोमीटर काटून, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे परत आले. उरलेले तिघे वाटेत निरनिराळ्या टप्प्यांवर थांबले. त्यांना आज कोणी भ्याड म्हणत नाही. जो कोठे थांबावे हे जाणतो, तोच पुन्हा निघू शकतो.

दुसरी गोष्ट साह्याची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा शर्यतीत स्वारामागे मोटारीतून मदतीचे पथक चालते. आपल्या मुलांमागे मोटार नसते. त्यांचे पथक म्हणजे आपले घर. आणि ज्या घराला मुलगा कोठे गेला हेच ठाऊक नाही, ते घर मदतीला धावणार कोठे? नुसते "नको" म्हटल्याने मुले थांबत नाहीत, ती न सांगता जातात. मी गेलो होतो.

आणि वाटेत दुसऱ्याचे मूल पडलेले दिसले तर? थांबा. १०८ ला फोन करा. मानेला, पाठीला मार असेलसे वाटले तर उगाच हलवू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. माझ्या त्या ट्रकवाल्याला असा कायदा नव्हता. तरीही तो थांबला, हे मी आज या सभेत हात जोडून सांगतो.

विश्वस्तांना माझी एक नम्र सूचना आहे. आपली संस्था दरवर्षी विद्यार्थ्यांना पुस्तके आणि शिष्यवृत्त्या देते. त्याबरोबर महिन्यातल्या एका रविवारी याच सभागृहात पंक्चर काढण्याचा आणि प्रथमोपचाराचा वर्ग भरवावा. खर्च म्हणाल तर दोन पराती, चार पाने आणि थोडे सोल्यूशन. त्या वर्गाला मुलांनी यावेच. पण आईबाप आणि आजी-आजोबांनीही यावे. मुलांचे हात शिकतील आणि आपला जीव थोडा निर्धास्त होईल.

परतीची वेळ ठरवून निघावे, असे सांगणाऱ्याने स्वतःही घड्याळाकडे पाहिले पाहिजे. अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपत आली आहे. संस्थेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.