परप्रांतीय मुलाची मराठी कशी पारखावी?

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या आनंदांत आम्ही आपणांपुढें शाळेची एक गोष्ट मांडूं इच्छितों. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या, आणि त्या बांधण्यास परप्रांतांतून कुटुंबें आलीं. त्यांचीं मुलें आपल्या मुलांशेजारीं शाळेंत बसतात. 2020 च्या कायद्यानें राज्यांतील शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे. तेव्हां ह्या मुलांस मराठी किती आली, हें पारखावें कसें?

ह्या बाबतींत आम्हीं स्वतः चूक केली आहे. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गांत उत्तर प्रदेशांतून आलेला एक मुलगा होता. लिपि हिंदीचीच असल्यामुळें मराठी धडा तो घडाघडा वाची. ‘राजानें चोरास कोणती शिक्षा दिली?’ ह्या प्रश्नास त्यानें उत्तर लिहिलें, ‘लिहिणें-वाचणें.’ वर्ग हंसला. आम्हींही त्यास मंदबुद्धि ठरवून लहान मुलांच्या वर्गांत बसविलें. हिंदींत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हें आमच्या ध्यानीं आलें, तोंवर त्यानें येणेंच सोडलें होतें.

कॅनडांतील शिक्षणशास्त्रज्ञ जिम कमिन्स ह्यांनीं 1979 सालीं बोलण्याची भाषा व अभ्यासाची भाषा ह्यांतील भेद दाखविला. त्यांच्या पुढील अभ्यासाप्रमाणें पहिली भाषा मूल सुमारें 2 वर्षांत उचलतें. दुसरीस 5 ते 7 वर्षें लागतात. म्हणून चाळींत खेळतांना भराभर मराठी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीही समजते असें धरूं नये, आणि गप्प बसणाऱ्यास ढ म्हणूं नये. ऐकणें, बोलणें, वाचणें व लिहिणें हीं निरनिराळीं पाहावीं. वाचलेल्याचा अर्थ त्यास स्वतःच्या भाषेंत सांगूं द्यावा. त्याची तुलना इतरांशीं न करितां त्याच्याच मागील वर्षाशीं करावी.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरु 1579 सालीं गोव्यास आले. त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें 1616 सालीं, म्हणजे 37 वर्षांनीं. पहिल्याच वर्षीं परीक्षा घेऊन कोणीं त्यांस मागें बसविलें असतें, तर आपण केवढ्या ठेव्यास मुकलों असतों!

आपणांस एवढीच विनंति, कीं अशा एखाद्या मुलाजवळ आठवड्यांतून एक तास बसावें. आणि त्याचें उत्तर चूक ठरविण्यापूर्वीं त्यास काय म्हणावयाचें होतें, हें प्रेमानें विचारावें.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.