दहा दिवस दप्तराविना

(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



सुरुवात एका कबुलीने करतो. तीन वर्षांपूर्वी आमचा मुलगा आठवीत होता. शाळेतून पत्र आलं की मुलांना काही दिवस सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम शिकायला न्यायचं आहे. आम्ही दोघांनी ते वाचलं आणि उलट चिठ्ठी पाठवली, 'मुलाला ताप आहे.' ताप नव्हता. आम्ही त्याला घरी गणितं सोडवायला बसवलं.

मनात एकच होतं : आपल्याला मुलाला मिस्त्री करायचंय का? आणि असं म्हणणारे आम्ही कोण? पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेले! वर्कशॉपमध्ये कानस घासून आमच्याही हाताला फोड आले होते. आजही साइटवर गवंड्याशी बोलताना तेच शिक्षण कामी येतं.

नंतर आम्ही चौकशी केली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यात स्थानिक कारागिरांजवळ प्रत्यक्ष काम शिकायचं आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचना 2024 मध्ये आल्या, आणि त्या तयार केल्या आपल्याच भोपाळच्या श्यामला हिल्सवरील पं. सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थानाने. आपण संग्रहालय पाहायला त्याच टेकडीवर जातो, पण ही संस्था आपल्याला ठाऊक नसते.

हे काही नवीन खूळ नाही. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला. तेव्हा वर्धा जुन्या मध्यप्रांतात होतं, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या मुलखात. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात 'कार्यानुभव' हा शिक्षणाचा भाग मानला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, शेती, वीजकाम करता करता विज्ञान शिकतात. विटेचा हिशेब मांडताना घनफळ येतं, ते वहीतल्यापेक्षा पक्कं राहतं.

पालकांची भीती मात्र खोटी नसते. मुलांना फुकट राबवून तर घेणार नाहीत ना? कायद्याने 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर 18 पर्यंत धोक्याच्या कामाला बंदी आहे. शाळेने शिकायला नेणं आणि कामाला जुंपणं यांत फरक आहे. तो फरक राखला जातो की नाही, हे पाहणं आपलं काम. म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : जागा कोणती? शिक्षक सोबत असतील का? किती तास? कोणत्या यंत्राला हात लावायचा आणि कोणत्या नाही? शाळेला हे विचारण्यात संकोच नको. उत्तर मिळालं नाही, तर सही थांबवावी. पण तापाची चिठ्ठी लिहू नये.

मूल संध्याकाळी घरी आलं की 'याला मार्क किती?' असं विचारू नये. 'आज काय जमलं नाही?' असं विचारावं. आणि कारागिराला मुलांसमोर 'ए, मिस्त्री' म्हणू नये. आपण म्हटलं की मुलंही म्हणतात.

आता शेवटचं. गेल्या वर्षी याच मंडपात मखराचं काम चाललं होतं. आमच्या मुलाचा मित्र प्लायवर माप घेऊन करवत चालवत होता. आमचा मुलगा टेप धरून उभा होता. एका काकांनी सहज विचारलं, "तुला नाही येत रे?" तो म्हणाला, "शाळेत शिकवलं तेव्हा मी आजारी होतो."

आम्ही दोघं तिथेच उभे होतो. तो आमच्याकडे पाहत नव्हता, हेच जास्त लागलं.

यंदा धाकटी सातवीत आहे. पत्र आलं आहे. चार प्रश्न विचारले, उत्तरं मिळाली, सही केली. तिच्या यादीत कुंभारकाम आहे. पुढच्या वर्षी मंडळाच्या पणत्या कोण करणार, ते आताच सांगून ठेवतो.

गणपती बाप्पा मोरया!