उन्हातील पदयात्रा आणि दानाचा विवेक

(मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक मेळाव्यात अड्याळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीसाठी यंदा मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात जी पाच दिवसांची पदयात्रा निघाली, तिचा अहवाल चिटणीसांनी आत्ताच आपणांस वाचून दाखविला. जमाखर्च छापून आपल्या हाती दिला आहे. त्यात पैशाचाही फरक नाही, हे आम्ही समाधानाने सांगू शकतो. परंतु त्या अहवालात एक वाक्य असे आहे की, "तिसऱ्या दिवशी एका कार्यकर्त्यास उन्हाचा त्रास झाल्यामुळे कार्यक्रमात किंचित बदल करावा लागला." हे वाक्य पदयात्रेत चाललेल्या आम्हीच लिहून दिले होते. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. ते पुरे करावे, एवढ्यासाठीच आज आम्ही आपणांसमोर उभे आहोत.

पायी चालून दान मागण्याची कल्पना आम्हांस कोठून सुचली, हे सांगावयास नकोच. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसास चालण्याचे पुण्य कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय आपल्या विदर्भाच्या भूमीतूनच अर्वाचीन काळातील सर्वांत मोठ्या दानयात्रेचा उगम झाला. आचार्य विनोबा भावे ८ मार्च १९५१ रोजी वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातून पायी निघाले ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणातील गावांकडे वळले. तेथे जमिनीच्या प्रश्नावरून रक्त सांडत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली या गावी हरिजन कुटुंबांनी त्यांच्याजवळ ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावासच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदारांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ हा असा झाला. त्यानंतरचे सुमारे पन्नास दिवस, म्हणजे ऐन एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, पंचावन्न वर्षांचे विनोबा गावोगाव चालत राहिले आणि सुमारे बारा हजार एकर जमीन त्यांच्या झोळीत पडली.

हे उदाहरण आमच्या डोळ्यांपुढे होते. विनोबा मे महिन्यात चालले, मग आम्ही का चालू नये, असा आमचा युक्तिवाद होता. शाळा-महाविद्यालयांस सुट्ट्या, नोकरदारांस रजा, आणि जूनमध्ये फी भरावयाची असल्याने निधीची निकड. तेव्हा मे महिना सर्वांनी एकमताने ठरविला. ज्यांनी शंका काढली त्यांस आम्ही हसून उत्तर दिले की, उन्हात चाललो तरच लोकांस आमची तळमळ दिसेल. हे उत्तर आपण लक्षात ठेवावे. पुढील सारे त्यातूनच निघाले.

मार्ग ठरला तो असा: अड्याळहून कोंढा, तेथून पवनी, परतताना मुख्य रस्ता सोडून आडवळणाच्या गावांतून पुन्हा अड्याळ, आणि शेवटी पहेल्यावरून भंडारा. रोजची चाल चौदा-पंधरा किलोमीटर. ती काही फार नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांनी विणलेल्या लुगड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन याहून लांबचे बाजार केले आहेत. पण ते पहाटे निघत आणि ऊन चढण्यापूर्वी पोहोचत, ही गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

पहिले दोन दिवस बरे गेले. लोकांनी प्रेमाने ओसरीवर बसविले, ताक दिले, कैरीचे पन्हे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, अंगणात पाऊल ठेववत नाही अशा वेळी, आम्ही एका वृद्ध मातोश्रींच्या दारी उभे राहिलो. त्या नुकत्याच लवंडल्या होत्या. उठून त्यांनी माठातले पाणी दिले, आमच्या घामेजल्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि विचारले, "पोरांहो, पैसे मांगाले आले का ऊन दाखवाले आले?" आम्ही सारे हसलो. त्यांनी पदराची गाठ सोडून पन्नास रुपयांची नोट दिली. आम्ही पावती फाडली आणि पुढे निघालो. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही.

त्याच संध्याकाळी मुक्कामाच्या गावी तेंदूपाने तोडणाऱ्या बाया भेटल्या. हंगाम सरत आला होता. त्या रात्री तीनला उठतात, अंधारात जंगल गाठतात, नऊ-दहाच्या आत पानांचे ओझे घेऊन घरी परततात, दुपारभर सावलीत बसून पुडे बांधतात आणि उन्हे कलल्यावर फळीवर नेऊन देतात. ऊन हे त्यांच्या पोटाशी बांधलेले आहे, म्हणून त्या त्याच्याशी पैज लावीत नाहीत. त्यांतील एकीने आम्हांस सांगितले की, उद्या लवकर निघा, तिकडच्या रस्त्यावर आता झाड उरले नाही. आम्ही होकार दिला आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही पहाटे पाचला तयार होतो. पण त्या गावी आमच्या सत्काराचा कार्यक्रम होता. हारतुरे झाले, भाषणे झाली, छायाचित्रे झाली. सत्कार नाकारणे आम्हांस अशिष्टपणाचे वाटले, आणि खरे सांगावयाचे तर तो आम्हांस हवाही होता. निघावयास साडेआठ वाजले. पुढच्या गावी मंडळी वाट पाहत असल्याने वाटेत थांबणे नको असे ठरले. रस्त्याच्या रुंदीकरणात जुन्या चिंचा गेल्या होत्या. साडेअकराच्या सुमारास आमच्यातील एक तरुण सहकारी, जो नागपुरास वातानुकूलित कचेरीत नोकरी करतो आणि चार दिवसांची रजा काढून मुद्दाम आला होता, तो असंबद्ध बोलू लागला. एकाने थट्टेने त्याच्या पाठीवर थाप मारली. दोन पावलांवर तो कोसळला.

त्यानंतरची पंधरा मिनिटे आमच्यातील कोणीही विसरणार नाही. कोणी त्यास उठवून पाणी पाजू लागला, कोणी खिशातला कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी दूरध्वनी करीत नुसताच उभा राहिला. त्यास वाचविले ते रस्त्याच्या कामावरील मजुरांनी. त्यांनी त्यास उचलून आपल्या ताडपत्रीच्या सावलीत नेले, सदरा काढला, टाकीतील पाणी अंगावर सतत ओतले आणि घमेल्यांनी वारा घातला. तोवर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. तरुण वाचला, पण त्यास अनेक दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्याच्या मातोश्री रुग्णालयात आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट निघताना त्यांनी निधीसाठी बाजूला ठेवलेले पाकीट आमच्या हाती दिले. त्या पाकिटाचे ओझे आम्ही अजून उचलून आहोत.

पुढे डॉक्टरांकडून आम्हांस जे कळले, ते येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. माणसाचे शरीर आपली उष्णता मुख्यतः घाम वाळवून बाहेर टाकते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम येताक्षणी वाळतो. त्यामुळे चालणाऱ्यास आपण किती पाणी गमावीत आहोत हे कळतच नाही, आणि तहान मागे पडते. चालणारे शरीर आतूनही तापत असते. शरीराचे तापमान चाळीस अंशांपलीकडे गेले आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात समजावा. अंगास घाम आहे म्हणून धोका नाही असे समजू नये, कारण श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम चालूही असतो. अशा वेळी पाणी पाजण्यापूर्वी पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने काहीही देऊ नये. शरीर उन्हास सरावते, पण त्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. थंड खोलीतून येऊन एका दिवसात तो सराव होत नाही, मग मनाचा निर्धार केवढाही असो. खिशातील कांदा कोणाचेही ऊन शोषून घेत नाही. त्याऐवजी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून जवळ बाळगले असते, तर आमचे चालणे पुष्कळ सुरक्षित झाले असते.

ही केवळ आमच्याच बाबतीत घडलेली गोष्ट नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे राज्याच्या सर्वोच्च पुरस्काराच्या सोहळ्यास लाखोंचा जनसमुदाय उघड्या मैदानात बसला होता. त्यांतील चौदा जणांनी उष्माघाताने प्राण गमावले. ती माणसे श्रद्धेने आली होती. श्रद्धेवर ऊन दया करीत नाही, हा त्यातील धडा. आणि आपण तर अशा मुलखात राहतो, जेथे वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात वारंवार राज्यात सर्वांत वर असतो.

आता विनोबांकडे पुन्हा वळू. त्यांचा दाखला देऊन आम्ही चाललो, पण तो आम्ही अर्धाच वाचला होता. त्यांनी उन्हाळा निवडला नव्हता. प्रसंगाने त्यांस तेथे नेले होते. आणि ते चालत ते पहाटेच्या अंधारात, कंदिलाच्या उजेडात. ऊन तापण्यापूर्वी मुक्काम गाठावा आणि उरलेला दिवस गावाचे ऐकून घेण्यात घालवावा, हा त्यांचा क्रम होता. त्यांचे पाय लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी होते. लोकांस दाखविण्यासाठी नव्हते. आपल्या पूर्वजांची वारी पाहा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर. पण ती वैशाखात निघत नाही, ज्येष्ठाच्या उत्तरार्धात, पावसाची चाहूल लागल्यावर निघते. तिला ठरलेला मुक्काम आहे, ठरलेला विसावा आहे, दिंडीमागे पाण्याची व्यवस्था आहे. देहाची हेळसांड म्हणजे भक्ती, असे त्या परंपरेने कधी मानले नाही. आम्ही मात्र मागणाऱ्याने सोसलेला त्रास हेच दानाचे मोल समजू लागलो होतो.

बंधुभगिनींनो, या अनुभवातून आमच्या मनाशी जे ठरले, ते एवढेच की, पदयात्रेचे पुण्य सोसण्यात नसून दाराशी जाण्यात आहे. मोटारीतून आलेला वर्गणीदार पावती फाडून जातो. चालत आलेला माणूस ओसरीवर टेकतो, पाणी पितो, घरातील मुलगी कितवीत आहे आणि तिचे शिक्षण कोठे अडले आहे ते विचारतो. यंदा ज्या तीन मुलींस निधीतून साहाय्य मिळाले, त्यांतील दोघींची माहिती आम्हांस अशाच एका ओसरीवर मिळाली. त्यांनी अर्जच केला नव्हता. चालण्याचे फळ हे आहे. ते मिळण्यास पंचेचाळीस अंशांची गरज नाही. उलट भर दुपारी दार वाजविणारा माणूस घरातल्यांची झोप मोडतो, आणि त्यांस दयेपोटी द्यावयास लावतो. त्या वृद्ध मातोश्रींनी विचारले होते ते हेच.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे की, यापुढे पदयात्रा मार्गशीर्षात काढावी. मे महिन्यात आपल्या शेतकरी बांधवांचा हात रिकामा असतो. असलेला पैसा बियाण्यासाठी राखलेला असतो. मार्गशीर्षात धान घरी आलेले असते, देणाऱ्याचे मन मोकळे असते, आणि ज्यास रोकड जमत नाही तो पायलीभर तांदूळ आनंदाने घालतो. फी जूनमध्ये भरावयाची, हे खरे. पण सहा महिने अगोदर जमलेला निधी जूनमध्ये तयार राहील, आणि मुलांस अखेरच्या दिवसापर्यंत ताटकळावे लागणार नाही. सुट्टीची अडचण येईल; ती रविवारांस जोडून दोन टप्प्यांत यात्रा काढल्याने सुटेल. आणि कोणत्याही ऋतूत चालावयाचे असो, दोन नियम पाळावेत. सत्कार घ्यावयाचाच असेल तर तो मुक्कामी पोहोचल्यावर, निघताना कदापि नाही. दुसरा असा की, यात्रेतील सर्वांत अशक्त माणसाने थांबा म्हटले की सर्वांनी थांबावे. त्यास कोणी हसू नये.

अखेरची एक विनंती. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अहवाल छापताना ते वाक्य दुरुस्त करावे. तेथे असे लिहावे की, "आयोजकांच्या हलगर्जीमुळे एका तरुणाचा प्राण धोक्यात आला, आणि रस्त्याच्या कामावरील मजुरांनी तो वाचविला." त्या मजुरांची नावे आम्ही त्या गडबडीत विचारली नाहीत. ती नंतर शोधावयास गेलो तेव्हा काम पुढे सरकले होते. आपल्या देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. परंतु यंदाचे सर्वांत मोठे दान त्यांचे आहे.