सद्गुणांची गुप्त नोंदवही



व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारताच पडद्यावरील धावपळ, गोळीबार आणि वाया गेलेला वेळ यांचे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु या खेळांचा एक प्रकार असा आहे की, त्याचे खेळाडू एकत्र जमले म्हणजे बोटांच्या चपळाईचा विषय क्वचितच निघतो. आंधळ्या दुकानदारणीला पूर्ण किंमत द्यावी की नाही, जीव घेऊन पळणाऱ्या प्राण्याला मारणे हे शौर्य की क्रौर्य, भिकाऱ्यापुढे मोजून एक नाणे टाकणाऱ्याला दयाळू म्हणावे काय, अशा प्रश्नांवर ही मंडळी हमरीतुमरीवर येतात. या वादांना ज्या खेळाने मोठी चालना दिली त्याचे नाव ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’. अमेरिकेतील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने १९८५ साली तो अ‍ॅपल २ या संगणकासाठी प्रसिद्ध केला.

खेळाचा हा प्रकार मुळात संगणकाचा नव्हे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एकाने कथेचे सूत्र सांभाळावयाचे, इतरांनी योद्धा, जादूगार अशा भूमिका घ्यावयाच्या, आणि कठीण प्रसंगी फाशांच्या कौलाने निकाल लावावयाचा, अशी रीत होती. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी या साऱ्यांना आकडे दिलेले असत. पुढे सूत्रधाराची जागा संगणकाने घेतली. यंत्राला आकडे चांगले समजत. मात्र सूत्रधाराच्या अंगी असलेली माणसाची पारख त्याच्यापाशी नव्हती. त्यामुळे प्रारंभीच्या बहुतेक खेळांत राक्षस मारा, सोने गोळा करा, शेवटी मोठ्या दुष्टाचा नाश करा, एवढ्यावर कथा आटोपत असे. वाटेत नायकाने दहा दुकाने लुटली तरी शेवटी तो नायकच ठरे.

रिचर्ड गॅरियट यांना हीच गोष्ट खटकली. त्यांचा जन्म १९६१ चा. त्यांचे वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर. १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकात ते ५९ दिवस राहिले होते. मुलाचे मन मात्र शालेय वयापासून संगणकावरील काल्पनिक राज्यांत रमले. ‘अल्टिमा’चे पहिले तीन भाग १९८१ ते १९८३ या काळात आले. त्यांपैकी तिसरा त्यांनी स्वतःच्या कंपनीतर्फे काढल्यामुळे वाचकांची पत्रे थेट त्यांच्या हाती पडू लागली. काही पालकांनी त्यांना मुलांना बिघडविणारा ठरविले. त्याहून बोलकी होती ती खेळाडूंची पत्रे. चोरी करून, निरपराध नागरिकांना मारून आपण खेळ किती लवकर संपविला, हे त्यांत मोठ्या अभिमानाने लिहिलेले असे. खेळाने ज्याला बक्षीस दिले तेच खेळाडू करीत होते. दोष असलाच तर नियमांचा होता.

तेव्हा चौथ्या भागात दुष्ट राजा ठेवावयाचाच नाही, असे ठरले. ब्रिटानिया नावाच्या राज्यात सुबत्ता आहे, शांतता आहे. तेथील लोकांना आदर्श म्हणून दाखविता येईल असा एक माणूस मात्र हवा आहे. खेळाडूने तो माणूस व्हावयाचे. त्यासाठी सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे मूळ धरली गेली आणि त्यांच्या मिश्रणातून आठ सद्गुण काढण्यात आले. सत्यातून प्रामाणिकपणा, प्रेमातून करुणा, धैर्यातून शौर्य; सत्य आणि प्रेम मिळून न्याय, प्रेम आणि धैर्य मिळून त्याग, सत्य आणि धैर्य मिळून वचननिष्ठा; तिन्ही एकत्र आली की आध्यात्मिकता. आठवा गुण नम्रता. त्याच्या वाट्याला मात्र तिन्हींपैकी एकही तत्त्व येत नाही. हा केवळ कोष्टक पुरे करण्यासाठी केलेला खटाटोप आहे, असा आक्षेप खेळाडू घेतात आणि तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. उलट बाजूने असे उत्तर दिले जाते की, आपल्यापाशी काही आहे असे न मानणे हीच नम्रता. तिचा रकाना रिकामाच असावयास हवा.

आठही गुणांत पूर्णत्व मिळविणाऱ्याला या खेळात ‘अवतार’ ही पदवी मिळते. हा शब्द आपल्याकडचा. त्याचा धात्वर्थ खाली उतरणे. आपल्या परंपरेत देव मनुष्यलोकी उतरतो. या खेळात सामान्य मनुष्य पायरीपायरीने वर चढतो आणि अवतार ठरतो; म्हणजे शब्द तोच, दिशा उलटी. संगणकाच्या पडद्यावरील आपल्या प्रतिरूपाला आज जगभर अवतार म्हणतात, त्या रूढीच्या प्रारंभकाळातील हा एक टप्पा होय. सद्गुणांचा खेळ ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतातच. परंतु तेथे दान कवड्यांच्या हाती. शिडीवर पाय पडला तो दान चांगले पडले म्हणून. खेळणाऱ्याने काही निवडले म्हणून नव्हे. ‘अल्टिमा ४’चा सारा भर नेमका या निवडीवर आहे.

ही निवड पहिल्या क्षणापासून सुरू होते. भविष्य सांगणारी एक फिरस्ती स्त्री पत्ते मांडते आणि प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे असतात. न मोजलेल्या सुवर्णनाण्यांची थैली कुणाकडे पोहोचवावयाची जबाबदारी आपल्यावर आहे आणि वाटेत भिकारी भेटतो. त्यातले एक नाणे त्याला दिले तर कुणाला कळणार नाही. प्रामाणिकपणा राखावा की करुणा दाखवावी? चुकीचे उत्तर येथे नाहीच. हरलेला गुण बाजूला होतो, जिंकलेला पुढच्या प्रश्नात जातो, आणि सात प्रश्नांअखेर आठांतून एक उरतो. त्यावरून भूमिका ठरते. करुणा उरली तर गायक, न्याय उरला तर वनवासी द्रुइड, आणि नम्रता उरली तर मेंढपाळ. मेंढपाळाला लढाईचे अंग बेताचेच. शिवाय त्याची सुरुवात होते ती मॅजिन्सिया या गर्वामुळे उद्ध्वस्त झालेल्या आणि भुतांनी वसलेल्या नगराजवळ. मनापासून नम्रता निवडणाऱ्याला सर्वांत खडतर वाट मिळावी, हे योग्य की अयोग्य, हाही खेळाडूंचा एक जुना वाद आहे.

पुढे खरी गंमत आहे. औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी स्त्री भेटते. माल घेतल्यावर किती नाणी देता, असे ती विचारते आणि आकडा खेळाडूने स्वतः टंकलिखित करावयाचा असतो. तिला दिसत नाही. खेळाच्या सुरुवातीला हाती पैशाची चणचण असते. एक नाणे दिले तरी माल मिळतो, कुणी ओरडत नाही, शिपाई येत नाही. परंतु यंत्राच्या पोटात आठ गुणांच्या आठ नोंदी चालू असतात, शून्यापासून ९९ पर्यंत. आणि त्या खेळाडूला दिसत नाहीत. फसवणूक झाली की प्रामाणिकपणा, न्याय आणि वचननिष्ठा या तिन्ही खात्यांतून वजावट होते. भिकाऱ्याला दान दिले की करुणा वाढते, जखमींसाठी रक्त दिले की त्याग वाढतो, दुष्टाशी लढताना पाठ दाखविली की शौर्य घटते, आणि कुणी कौतुकाने विचारले असता बढाई मारली की नम्रता खाली येते. राजवाड्यातील हॉकविंड नावाचा द्रष्टा आपली प्रगती शब्दांत सांगतो. आकडा तोही सांगत नाही. कित्येकांना आपण आंधळीला फसविले होते याची आठवण पुष्कळ काळानंतर, त्याच्यासमोर उभे राहिल्यावरच होत असे. मिळविलेला गुणही कायमचा नाही. पुन्हा तसे कृत्य घडले की तो हातचा जातो.

नोंदवही गुप्त होती तोवर खेळाडू दबकून वागत. पण मनुष्यप्राणी हिशेब शोधून काढल्याशिवाय राहत नाही. दान एक नाण्याचे असो की शंभराचे, करुणेच्या खात्यात भर सारखीच पडते, हे लवकरच ध्यानात आले. आंधळ्या स्त्रीकडून अगदी स्वस्त माल थोडाथोडा घेऊन दर वेळी चोख किंमत दिली की प्रामाणिकपणाही वाढवून घेता येतो. ‘एक नाणे द्या, थोडे फिरून या, पुन्हा द्या’ असा सल्ला एक खेळाडू दुसऱ्याला देऊ लागला. भिकारी हा दुःखी माणूस न राहता उद्दिष्टपूर्तीचे साधन झाला. ज्यांना मासिक अहवालातील रकाने भरावे लागतात, त्यांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर खेळाडूंत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही करुणा नव्हेच. हा निव्वळ व्यवहार आहे, आणि यंत्राने त्याला सद्गुणाचे नाव देऊन स्वतःचीच फसवणूक करून घेतली आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हेतू कुणाला दिसतो? संगणकाला दिसत नाही, शेजाऱ्यालाही दिसत नाही. कृती मात्र दिसते, आणि तीच पुन्हा पुन्हा केल्याने वळण लागते. या पक्षाचे लोक आपला अनुभव सांगतात तो विचार करावयास लावणारा आहे. आकड्यासाठी भिकारी शोधत गावोगाव हिंडलो, पण खेळ संपता संपता त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववेना, असे ते म्हणतात. पहिला पक्ष यावर हसतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तरीही तोल दुसऱ्या पक्षाकडे थोडा झुकतो, असे म्हणावयास हरकत नाही. कारण ज्या खेळात लूट हाच शहाणपणा होता त्याच मालिकेत, दोन वर्षांनंतर, लोक सचोटीचा मार्ग शोधीत बसले होते, मग तो जवळचा मार्ग का असेना.

१९८८ साली आलेल्या पाचव्या भागात गॅरियट यांनी प्रश्न आणखी अवघड केला. राजा बेपत्ता आहे आणि त्याच्या जागी ब्लॅकथॉर्न नावाचा अधिपती राज्य करीत आहे. त्याने आठही सद्गुणांचे कायदे केले आहेत. खोटे बोलणाऱ्याची जीभ छाटावयाची. उत्पन्नाचा अर्धा भाग दान न करणाऱ्याचे सारे उत्पन्नच काढून घ्यावयाचे. गुण तेच, परंतु सक्तीने लादलेले. जे खेळाडू चौथ्या भागात सद्गुणांचे पाठ गिरवून आले होते त्यांना आता सद्गुणांच्या नावाने चाललेल्या जुलमाविरुद्ध उभे राहावे लागले.

याच भागातील एका दालनाची हकीकत गॅरियट यांनी पुढे सांगितली आहे. तेथे पिंजऱ्यांत लहान मुले आहेत. पिंजरे उघडले की ती खेळाडूवरच तुटून पडतात. खेळ तपासणाऱ्या एकाने लेखी आक्षेप घेतला. व्यवसाय सांभाळणारे भाऊ रॉबर्ट यांनीही हे दालन वगळण्याचा आग्रह धरला. दालन तसेच राहिले. मुलांना मारलेच पाहिजे असे खेळ कोठेही सांगत नाही, त्यांना मंत्राने झोपविता येते, मागे फिरता येते, पिंजरे न उघडताही जाता येते, असे समर्थन करण्यात आले. चीड आली म्हणजे दालनाचे काम झाले, असा त्याचा मथितार्थ. तरीही कोंडलेल्या मुलांना तसेच सोडून जाणे ही कोणती करुणा, हे विचारणाऱ्यांचे तोंड त्याने बंद झाले नाही.

नंतरच्या काळात पुष्कळ खेळांनी नोंदवही उघडी केली. २००३ च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये भले आणि बुरे यांची पट्टी पडद्यावर दिसते. टोकाला जाणाऱ्याला लाभ अधिक असल्याने प्रसंग न पाहता एकाच बाजूची उत्तरे देत जाण्याची सवय अनेकांना लागली. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये अशी पट्टी नाही, तेथे सोबती खूश होतात किंवा रुसतात, आणि एकाला आवडलेले दुसऱ्याला आवडतेच असे नाही.

आतापर्यंतचा सारा विचार एकट्या खेळाडूचा झाला. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला आणि ब्रिटानियात हजारो माणसे एकाच वेळी वावरू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चाचणीच्या काळात, राजा लॉर्ड ब्रिटिश याचे रूप घेऊन स्वतः गॅरियट प्रजेसमोर आले असता एका खेळाडूने अग्निमंत्र टाकला आणि राजा तेथेच मरून पडला. त्या दिवशी त्याचे संरक्षक कवच चालू करावयाचे राहिले होते. हा प्रसंग खेळाडू आजही चवीने सांगतात. नगराबाहेर मात्र रोजच लूटमार चाले. नवख्याने मेहनतीने मिळविलेले सामान वाटमारे घेऊन जात. बदनामीचे आकडे लावून पाहिले, लुटारूंची नावे लाल रंगात दाखवून पाहिली. अखेर २००० साली त्या जगाची दोन जगे करण्यात आली. फेलुका हे जुने, जेथे कुणी कुणावरही हल्ला करू शकतो. आणि ट्रॅमेल हे नवे, जेथे समोरच्याच्या संमतीविना त्याला मारता येत नाही, लुटताही येत नाही.

बहुसंख्य खेळाडूंनी ट्रॅमेलची वाट धरली. तेथे बाजार भरले, घरे उठली. फेलुकाचे अभिमानी अद्याप म्हणतात की, ट्रॅमेलमध्ये कुणी चोर नाही याचे कारण तेथे चोरी करताच येत नाही. रात्री रानात एकट्या वाटसरूला सुखरूप पोहोचविणारे लोक फेलुकात होते, आणि पोहोचविण्याची गरजही तेथेच होती. ट्रॅमेलकर उत्तर देतात की, दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी दोन तास लुटले न जाता खेळावयाचे असेल, तर त्याच्या पदरची वस्तू पणाला लावून दुसऱ्याने सज्जनपणा सिद्ध करण्याचे कारण नाही. पंचवीस वर्षे उलटली, तरी हा वाद मिटलेला नाही.