किनाऱ्यावर रुतलेलं जहाज हटवायचं कुणी?

आजचा प्रश्न साधा आहे. सार्वजनिक किनाऱ्यावर धोकादायक काही येऊन पडलं, तर ते हटवायचा अधिकार सरकारला असतो. पण नुसत्या अधिकारानं काम होतं का?

गोव्याचंच बघा. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं साधारण २४० मीटर लांबीचं जहाज कांदोळीच्या किनाऱ्यापाशी रुतलं. मालक माहीत होता, जागा माहीत होती, धोकाही समोर होता. गंजणारा पत्रा, जवळच पोहणारे पर्यटक. गोवा सरकारनं २००१ साली पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याच्या आधारे जहाज ताब्यात घेतलं. तरी ते तिथून हटायला २०१२ उजाडलं!

असं का? माझ्या मते, ताबा घेतला की डोकेदुखीही आपलीच होते. मग निविदा, ठेकेदार, खर्चाचे वाद. तोवर दर पावसाळ्यात जहाज वाळूत आणखी खोल जातं आणि काम आणखी महाग होतं.

आता २०११ चं जुहू आठवा. जूनमध्ये ‘विझ्डम’ आणि जुलैअखेर ‘पवित’ ही जहाजं किनाऱ्याला लागली. दोन्ही काही आठवड्यांतच भरती साधून ओढून नेली. ती बरीच लहान होती, हे खरं. पण वाळूनं घट्ट धरायच्या आत हालचाल झाली, हेही तितकंच खरं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात प्रत्येक तिकिटावर नाव आणि तारीख लागते, नाहीतर ते वर्षानुवर्षं पडून राहतं. भग्न जहाजांबद्दलचा २००७ चा नैरोबी करार नेमकं हेच करतो. धोकादायक अवशेष हटवायची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. किनाऱ्याचा देश मुदत ठरवून देतो. मालकानं ती पाळली नाही, तर सरकार काम करून खर्च वसूल करू शकतं. ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना विमा सक्तीचा आहे आणि दावा थेट विमा कंपनीवर लावता येतो. भारत २०११ मध्ये या करारात सामील झाला.

म्हणून पुढच्या वेळी ‘प्रशासन लक्ष ठेवून आहे’ असं वाचलंत, तर दोनच गोष्टी विचारा: मुदत कधीपर्यंतची, आणि पैसे कोण भरणार? उत्तर मिळालं नाही, तर समजा, जहाज काही हलत नाही.

भेटू पुढच्या भागात!